स्वभावाचं औषध

माझा नवरा पितो हे मला वासावरून कळलं नाही, की लपवलेल्या बाटलीवरून कळलं नाही. ते कळलं एका रविवारी सकाळी, अमेरिकेतल्या बॉथेल गावी एका ओळखीच्यांच्या घरी, वंदना चालू असताना.

आम्ही पाच-सहा बौद्ध कुटुंबं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. कुणी नागपूरचं, कुणी अमरावतीचं, एक जण नांदेडचे. त्रिशरण, पंचशील, मग थोडं वाचन आणि मग जेवण. नवरा नेहमी माझ्या डाव्या हाताला बसायचा. त्याचा आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ. त्या दिवशी चार शीलं म्हणून झाली आणि पाचव्याला माझ्या डाव्या कानाशी एकदम रिकामं वाटलं. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. मला वाटलं त्याला ठसका लागला असेल. पुढच्या महिन्यात तेच झालं. तिसऱ्या महिन्यात मी स्वतः काही न म्हणता फक्त त्याच्याकडे कान लावून बसले. चार शीलं त्याने म्हटली, पाचव्याला ओठ मिटले, आणि नंतर तो पुन्हा सगळ्यांच्या आवाजात मिसळला.

गाडीत मी त्याला विचारलं. मागच्या सीटवर मुलगी कानाला हेडफोन लावून बसली होती. तो घरापर्यंत गाडी चालवत राहिला. मुलगी आत गेली, गॅरेजचं दार खाली आलं, आणि मग त्याने स्टिअरिंगवरचे हात न काढता सांगितलं, "चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. पाचवं म्हटलं असतं तर चौथं मोडलं असतं."

हा माणूस असा आहे. त्याने पुढचं सगळं त्याच सुरात सांगितलं. हॉस्पिटलात लागणाऱ्या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधणं हे त्याचं काम. सापडलेली चूक सांगावी तसं त्याने स्वतःबद्दल सांगितलं. पाण्याच्या स्टीलच्या बाटलीत व्होडका. सुरुवात अडीच वर्षांपूर्वी, टीमचा लीड झाल्यावर. रोज सकाळी साडेनऊला पंधरा माणसांसमोर बोलावं लागायचं, त्याच्या आधी दोन घोट. मग जेवणाच्या सुट्टीत. मग घरी यायच्या आधी. मी ऐकत होते, पण त्यातला सकाळी साडेनऊचा भाग मी ऐकलाच नाही. मला फक्त ऐकू आलं की अडीच वर्षं हा माझ्याशेजारी झोपला आणि मला कळलं नाही.

आमचे स्वभाव मुळातच वेगळे. नागपूरला आमच्या घरात आम्ही अकरा माणसं होतो आणि कुणाचंही दुःख तांदळासारखं अंगणात सगळ्यांनी मिळून निवडलं जायचं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची नोकरी गेली, संध्याकाळपर्यंत गल्लीला माहीत. रडायचं ते चार माणसांत, आणि रडून झालं की जेवायचं. तो अमरावतीचा, दोन शिक्षकांचा एकुलता मुलगा. त्यांच्या घरी सगळे वाचत बसायचे. फोन वाजला तर आधी एकमेकांकडे बघायचे. त्याच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा दारू सोडली होती, आणि तेव्हापासून त्या घरात थेंब आला नव्हता. ही गोष्ट त्याचे वडील पाहुण्यांना अभिमानाने सांगत. म्हणजे दोन पिढ्यांनी जपलेलं ह्याच्या हातून मोडलं होतं, आणि हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

माझी आई कुणाबद्दलही बोलताना शेवटी "स्वभावाला औषध नाही" म्हणून विषय मिटवायची. मी लॅबमध्ये काम करते, औषधांच्या क्वालिटी विभागात. मला वाटायचं, औषध नाही असं काही नसतं, फक्त शोधावं लागतं. पण शोधताना कुणाच्या स्वभावाकडे बघायचं, हे मला माहीत नव्हतं.

मी सगळ्यात आधी काकांना फोन केला. काका म्हणजे माझ्या वडिलांच्या नागपूरच्या ओळखीतले, इथे चाळीस वर्षांपासून, आता रिटायर्ड. एके काळी ते स्वतः खूप प्यायचे. ते ही गोष्ट कुणापासून लपवत नसत. शनिवारी सकाळी एका चर्चच्या तळघरात भरणाऱ्या गटाने त्यांना वाचवलं होतं. वीस-पंचवीस माणसं गोल करून बसतात, एकेक जण आपलं नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो, आणि मनातलं बोलतो. काका म्हणायचे, पहिल्या दिवशी बोललो आणि छातीवरचा दगड उतरला. मोठ्या आवाजाचे, दिलदार, रस्त्यात भेटलेल्या माणसालाही जेवायला घरी आणणारे. त्यांना ते वर्तुळ म्हणजे दुसरं माहेर होतं. मला ते ऐकूनच पटलं. माझ्या आजारावर मीही असलंच औषध मागितलं असतं.

नवऱ्याने नाही म्हटलं नाही. काका शनिवारी सात वाजता गाडी घेऊन यायचे, "चला जावईबापू" म्हणायचे, आणि तो निघायचा. आठ शनिवार तो गेला आणि आठही वेळा त्याची पाळी आली तेव्हा त्याने "पास" म्हटलं. काका मला फोनवर सांगायचे, अजून गाठ सुटत नाहीये, सुटेल. नवव्या शनिवारी तिथल्या कुणीतरी प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालं, आज तू बोल, आम्ही सगळे तुझेच आहोत. तो बोलला. काका त्या दिवशी खूश होऊन घरी आले, मी शिरा केला. नवरा शिरा खाऊन वर जाऊन झोपला.

दोन आठवड्यांनी त्याने मला स्वतःच सांगितलं, "त्या मीटिंगला जाण्यासाठी मला प्यावं लागतं."

मी हे काकांना सांगितलं नाही. मला ते इतकं विचित्र, इतकं लाजिरवाणं वाटलं, की मी ते त्याचं नवीन निमित्त समजले. मला वाटलं, आठवड्यातून एक तास पुरत नाही, ह्याला पूर्ण महिनाभर कुठेतरी ठेवलं पाहिजे.

डोंगराकडच्या बाजूला, दोन तासांवर, एक रिहॅब होतं. देवदारांच्या रांगा, मोठी लाकडी इमारत, एका खोलीत तिघे. दिवसातून तीनदा गट. तिथली पद्धत आणखी कडक होती. माणसाने घातलेला मुखवटा इतरांनी ओढून काढायचा, असं ते म्हणत. चौथ्या रविवारी घरच्यांना बोलावलं होतं. प्रत्येकाने आपल्या माणसाला पत्र लिहून आणायचं आणि सगळ्यांसमोर त्याला वाचून दाखवायचं. मी तीन पानं लिहिली होती, इंग्रजीत, म्हणजे सगळ्यांना कळावं. अडीच वर्षांचं सगळं त्यात होतं. मुलीच्या वाढदिवसाला तो कसा लवकर झोपायला गेला, माझे वडील गेले तेव्हा विमानतळावर मला सोडताना त्याने माझ्याकडे कसं बघितलं नाही. वाचताना मी रडले. समोरच्या खुर्चीवरची एक अनोळखी बाई उठून आली आणि तिने मला घट्ट धरलं. दुसरी आली. मला इतकं हलकं वाटलं, की परतीच्या रस्त्यावर दोन तास मी गाडीत गाणी लावली.

नवरा पूर्ण वेळ स्वतःच्या बुटांच्या नाड्यांकडे बघत होता. ते मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मी असा लावला, की ह्याला लाज वाटतेय, म्हणजे लागू पडतंय.

महिना पुरा करून तो घरी आला आणि साधारण तीन आठवडे प्याला नाही. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. मंगळवारी आणि गुरुवारी तिचं स्विमिंग असे आणि तिला आणायला तो जाई. त्या गुरुवारी साडेचारच्या सुमाराला मला लॅबमध्ये शेजारणीचा फोन आला. आमच्या कॉलनीच्या वळणावर सगळ्या घरांच्या पत्रपेट्या एका ओळीत उभ्या आहेत, त्यांच्यावर त्याने गाडी घातली होती. मी पोचले तेव्हा पोलीस त्याला एका रेषेवरून चालायला सांगत होते. तो चालत होता, अगदी मन लावून, आणि दर तिसऱ्या पावलाला रेषेबाहेर जात होता. मुलगी फुटपाथच्या कडेला ओल्या केसांनी बसली होती, मांडीवर स्विमिंगची बॅग. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मी तिच्याजवळ खाली बसले. ती म्हणाली, "आय न्यू, आई." गाडीत बसायच्या आधीच तिला वास आला होता.

मी म्हटलं, "मग बसलीस कशाला?"

तिने त्याच्याकडे बघितलं. "बिकॉज ही लुक्ड सो सॅड."

ह्या वाक्याबद्दल मी आजपर्यंत कुणाशी नीट बोलू शकले नाही. बारा वर्षांच्या मुलीला जे दिसलं, ते मला पंधरा वर्षांच्या संसारात दिसलं नव्हतं. मला त्याचं पिणं दिसत होतं, खोटं दिसत होतं, माझा झालेला अपमान दिसत होता.

कोर्टाने त्याचं लायसन काढून घेतलं आणि सांगितलं, की आधी एखाद्या जाणकार माणसाकडून तपासणी करून घ्या आणि तो सांगेल ते उपचार पुरे करा. यादीतलं जे नाव घरापासून जवळ होतं ते आम्ही घेतलं. त्यात दुसरा काही विचार नव्हता, कारण आता त्याला सगळीकडे मलाच ड्राइव्ह करून न्यावं लागणार होतं.

एका डेंटिस्टच्या दवाखान्यावर त्या समुपदेशक बाईंचं छोटं ऑफिस होतं. जिना चढताना खालून ड्रिलचा आवाज यायचा. बाई साठीच्या पुढच्या, पूर्वी नर्स होत्या, केस अगदी बारीक कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात. पहिल्या दिवशी त्यांनी नवऱ्याला दोन तास आत घेतलं. मी बाहेर बसून वाट बघत होते, की आता त्याचं रडणं ऐकू येईल. काही ऐकू आलं नाही. नंतर कळलं की त्यातला पाऊण तास त्याने एकट्याने, टेबलाशी बसून, प्रश्नांचे कागद भरले होते. आपण कशाला घाबरता, कशाने कंटाळता, आधी करता की आधी विचार करता, उद्याकडून काही अपेक्षा असते का, असे शंभरावर प्रश्न. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा परीक्षेचा पेपर बरा गेलेल्या मुलासारखा होता. मला राग आला. इथे आमचं घर मोडतंय आणि हा कागद भरून खूश.

पुढच्या आठवड्यात त्याच्या परवानगीने त्यांनी मला बोलावलं. पहिलाच प्रश्न विचारला, की तो घाबरलेला असतो तेव्हा कसा दिसतो. मी म्हटलं, तो घाबरत नाही, तो शांत माणूस आहे. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. दारू एकच असली तरी पिणारी माणसं एक नसतात. एखाद्याला साधा दिवस बेचव लागतो, त्याला झिंग हवी असते. त्याला दारूच्या जागी दुसरं काही दमदार द्यावं लागतं, नुसतं शांत बसवून चालत नाही. एखाद्याचा हात डोक्याच्या आधी चालतो, त्याला मधे थांबायला शिकवावं लागतं. एखाद्याला पुढचं काही दिसतच नाही, त्याचं पिणं राहू द्या बाजूला, आधी त्याच्या निराशेवर उपचार करावा लागतो. आणि एखादा असा असतो, की त्याच्या अंगात सतत भीतीचा गजर वाजत असतो आणि दारूने तो तेवढ्यापुरता बंद होतो. तुमचा नवरा हा शेवटचा. त्याची भीती माणसांची आहे. माणसांनी आपल्याकडे बघण्याची. तो रोज सकाळी साडेनऊला बोलता यावं म्हणून पीत होता.

तेव्हा मला गॅरेजमधलं ते बोलणं आठवलं. त्याने पहिल्याच दिवशी मला कारण सांगितलं होतं.

मी त्यांना विचारलं, मग ते चर्चमधलं वर्तुळ चुकीचं का. त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं. त्या खोलीत वाचलेली माणसं मी रोज बघते, म्हणाल्या. ज्याला माणसांत जीव येतो त्याच्यासाठी ती खोली अमृत आहे. पण ज्याला माणसांच्या नजरेने घाम फुटतो, त्याला पहिल्याच दिवशी तिथे बसवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला मधोमध टाकणं. त्यांनी तो भरलेला कागद माझ्यासमोर उलटा करून ठेवला आणि एवढंही सांगितलं, की हा कागद म्हणजे तुमचा नवरा नव्हे, सुरुवात कुठून करायची तेवढंच हा सांगतो, आणि कधीकधी तेही चुकतं.

मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "आधीच्या दोन्ही जागा कुणी निवडल्या?"

"मी."

"तुम्हाला तिथे बरं वाटलं?"

मी हो म्हटलं. त्यांनी पुढच्या भेटीची तारीख लिहून दिली. मी जिना उतरले, गाडीत बसले, आणि चावी फिरवायला हात उठेना. दोन तासांवरच्या त्या लाकडी इमारतीत मी तीन पानं वाचली होती, बायकांनी मला जवळ घेतलं होतं, मी गाणी ऐकत घरी आले होते. उपचार झाला होता, पण तो माझ्यावर झाला होता.

नवीन पद्धत बाहेरून बघणाऱ्याला उपचार वाटलीच नसती. डॉक्टरांनी तलफ कमी करणारी एक गोळी दिली. आठवड्यातून एकदा तो त्या बाईंकडे जायचा, दोघंच, पन्नास मिनिटं. घरी करायला बारीकसारीक अभ्यास. पहिल्या आठवड्यात दुकानदाराला एक प्रश्न विचारायचा. दुसऱ्यात मेसेज न करता एक फोन करायचा. मग ऑफिसच्या मीटिंगमध्ये एक वाक्य, आणि बोलण्याआधी किती भीती वाटली आणि बोलल्यावर किती उरली, हे शून्य ते दहाच्या आकड्यात लिहायचं. त्याने त्याची एक्सेल शीट केली. तारीख, जागा, समोर कोण, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, प्यावंसं वाटलं का. लीडचं काम त्याने स्वतः सांगून सोडलं. ते सांगतानाचा आकडा नऊ होता, मला नंतर दाखवला.

माझ्यासाठी बाईंची सूचना होती, की रोज विचारायचं नाही. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. हे मला जमेना. मी न विचारता त्याच्या डोळ्यांत बघायचे, बाटली उचलून वजन बघायचे, त्याच्या मागोमाग बाथरूममध्ये जाऊन वास घ्यायचे. शेवटी बाईंनी मला एका गटाचा पत्ता दिला. ज्यांच्या घरात कुणी पिणारं आहे अशा माणसांचा, बुधवारी दुपारी, लायब्ररीच्या खोलीत. मी पहिल्याच दिवशी वीस मिनिटं बोलले, मला थांबवावं लागलं. मी अजूनही जाते.

चौथ्या महिन्यात तो घसरला. ऑफिसच्या जेवणात कुणीतरी त्याच्यासमोर वाइनचा ग्लास ठेवला, नको म्हणायला तोंड उघडलं तर सगळे बघतील म्हणून तो प्याला. दुपारी चार वाजता घरी आल्याबरोबर त्याने लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. एक नवीन ओळ होती. तारीख, जागा, समोर कोण, आधी आठ, नंतर दोन. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, एक ग्लास.

मला त्याच्याकडून रडणं हवं होतं. माफी हवी होती, पाय धरणं हवं होतं. हा मला एक ओळ दाखवत होता. मी ओरडले, की आयुष्य म्हणजे तुझी बग लिस्ट नाही. तो लॅपटॉप तसाच उघडा ठेवून बाहेर चालायला गेला. मुलगी जिन्यात उभी होती. तिने खाली येऊन ती ओळ वाचली, आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, "ही टोल्ड यू द सेम डे, आई." आधी अडीच वर्षं लागली होती. आता अडीच तास.

तो परत आला तेव्हा मी चहा टाकला आणि त्याला म्हटलं, मला ह्या शीटमधलं सगळं समजावून सांग. त्याने तासभर सांगितलं, एकेक ओळ. मी एकदाही मधे बोलले नाही. इतकं गप्प मी माझ्या लग्नातसुद्धा बसले नव्हते. त्या शीटमध्ये मी फार ठिकाणी होते. "समोर कोण" ह्या रकान्यात माझं नाव आणि पुढे सात, आठ, सात. मला तो इतका घाबरायचा हे मला त्या दिवशी कळलं.

काकांना हे सगळं आवडलं नव्हतं. गोळीने दारू सोडणं म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर बसून डोंगर चढणं, असं ते माझ्या तोंडावर म्हणाले होते, आणि काही महिने आमच्याकडे यायचे थांबले होते. नवऱ्याला दारू सोडून दीड वर्ष पूर्ण झालं, त्यानंतर एका शनिवारी, मीटिंग आटोपून, ते सरळ आमच्याकडे आले. घरामागच्या लाकडी डेकवर बसले. नवरा तिथे सायकलची चेन साफ करत होता. काकांनी जय भीम केला, खुर्ची ओढली, आणि एरवी शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारे काका इतकं हळू बोलायला लागले, की मी चहाचा ट्रे घेऊन दाराशीच थांबले.

त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली. वीसएक वर्षांपूर्वी, विद्यार्थी म्हणून आलेला आपल्याकडचा एक मुलगा, फार हुशार, तोंडातून शब्द निघायचा नाही. प्यायचा. काका त्याला दर शनिवारी नेत. तो खाली मान घालून बसायचा. तीन महिन्यांनी यायचा बंद झाला. काका त्याच्या अपार्टमेंटवर गेले, त्याने दार उघडलं नाही. वर्षभराने तो गेल्याचं कळलं, लिव्हर संपलं होतं. काका सगळ्यांना सांगत आले, की त्याची सोडायची तयारी नव्हती.

"वीस वर्षं मी हेच म्हणतो आहे," काका म्हणाले. "तुम्हाला बघितलं आणि आता ते म्हणवत नाही. जावईबापू, त्या खोलीत तुम्हाला काय होत होतं, ते मला सांगा."

नवऱ्याने चेनचं फडकं बाजूला ठेवलं. त्याने घाई केली नाही. घशात आवाज कसा अडकायचा, आपली पाळी चार खुर्च्यांवर आली की हात कसे बधिर व्हायचे, समोरच्याचं बोलणं कसं ऐकूच यायचं नाही, कारण डोक्यात आपलंच वाक्य फिरत राहायचं, हे त्याने सांगितलं. आणि मग म्हणाला, की तुम्ही मला न्यायला यायचात ते मला आवडायचं. गाडीतली पंचवीस मिनिटं मी कधी प्यायलेलो नसायचो, बाटली तिथे पोचल्यावर काढायचो. काकांनी चष्मा काढून पुसला. मी चहा घेऊन बाहेर आले, ट्रे दोघांच्या मधे ठेवला आणि त्यांच्याजवळ बसले.

काका शनिवारी अजून जातात. पण नवीन माणसाला नेण्याआधी आता ते त्याला घरी जेवायला बोलावतात, तो कसा बोलतो, किती बोलतो ते बघतात, आणि दोन-तीन जणांना त्यांनी त्या डेंटिस्टच्या वरच्या ऑफिसचा पत्ता दिला आहे. एकाला उलट झालं. त्याला बाईंनीच तीन भेटींनंतर काकांच्या वर्तुळात पाठवलं.

नवऱ्याला आता पाच वर्षं होतील. त्यात आणखी एकदा घसरण झाली, दोन दिवसांची, त्याची आई गेली तेव्हा. गोळी बंद झाली आहे, शीट बंद झालेली नाही. सगळं सावरलं असं मी म्हणणार नाही. मुलगी मोठी झाली, ती त्याच्याशी चांगलं वागते, फार चांगलं, एखाद्या काचेच्या वस्तूशी वागावं तसं, आणि हे त्याला कळतं. माझ्या मनातही एक जागा आहे, जिथे मी अजून कान लावून बसलेली असते. आम्ही दोघं संध्याकाळी नदीकाठच्या ट्रेलवर चालायला जातो. तो बोलला तर बोलतो.

मागच्या महिन्यात देशाच्या दुसऱ्या टोकाहून, पिस्कॅटवेहून, एका मुलीचा फोन आला. कुणाकडून तरी तिला माझा नंबर मिळाला होता. मावशी म्हणून बोलायला लागली. तिचा भाऊ तिच्याजवळ राहतो आहे, नोकरी गेली आहे, सकाळपासून पितो. तिने तीन ठिकाणांची माहिती काढून ठेवली होती आणि कुठलं चांगलं, एवढंच तिला विचारायचं होतं. ती एका दमात बोलत होती. माझ्यासारखीच.

मी तिला म्हटलं की मला ठाऊक नाही, मी डॉक्टर नाही. पण आधी मला सांग, तो पीत नाही तेव्हा कसा असतो.

ती अडखळली. म्हणाली, हे कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाली, आठवायला लागेल. मी म्हटलं, आठव, मला घाई नाही. फोनमधून तिच्या घरातल्या नळाचा आवाज येत होता. तिने तो बंद केला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि मग ती हळूहळू सांगायला लागली.